ओरडणारा ब्रेक

झोपाळ्याची कडी कुरकुरू लागली, दाराची बिजागरी करकरू लागली किंवा विहिरीवरचा रहाट ओरडू लागला, की घरातले वडीलधारे माणूस तेलाची वाटी मागवते. दोन थेंब पडतात आणि आवाज थांबतो. पिढ्यान्‌पिढ्यांच्या या अनुभवाने आपल्या मनात एक नियम पक्का बसला आहे : जे ओरडेल त्याला तेल. नियम चांगला आहे आणि बहुतेक ठिकाणी खराही आहे. पण एक जागा अशी आहे की, तेथे तो लावला असता माणसाच्या जिवावर बेतू शकते. ती जागा म्हणजे सायकलचा ब्रेक, आणि त्यातही डिस्क ब्रेक.

आपल्या गावात आता जाड टायरांच्या, पुढे झटके सोसणारा चिमटा असलेल्या सायकली पुष्कळ दिसतात. या ‘माउंटन बाइक’ जातीच्या सायकलींना रिमवर घासणारे जुने रबरी ब्रेक नसतात. चाकाच्या मध्याशी पोलादाची एक पातळ चकती असते, आणि तिला दोन्ही बाजूंनी दाबणारी पॅडची जोडी असते. पहिले काही महिने सारे ठीक चालते. मग एखाद्या पावसाळी सकाळी ब्रेक दाबताच अशी किंकाळी निघते की, रस्त्यावरची माणसे वळून पाहतात. कधी किंकाळी नसते, पण सारी सायकल पायांखाली थरथरते. अशा वेळी काय करावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय करू नये, हे समजावयाचे तर आधी हा आवाज येतो कोठून, ते पाहिले पाहिजे.

ब्रेकचे काम सायकल थांबविणे, असे आपण म्हणतो. पदार्थविज्ञानाच्या भाषेत त्याचे काम गतीची उष्णता करणे हे आहे. एक लहानसा हिशेब करू. स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो वजन धरा आणि घाटातून १०० मीटर उंची उतरावयाची आहे असे समजा. या उतरण्यात सुमारे ८३,००० ज्यूल ऊर्जा मोकळी होते. पाव लिटर गार पाणी उकळीला आणावयास एवढी ऊर्जा पुरते. तिच्यातील काही वाटा वारा आणि टायर घेतात. वेग वाढू द्यावयाचा नसेल तर बाकीचा सगळा ब्रेकला पचवावा लागतो. आणि हा ब्रेक म्हणजे काय, तर जेमतेम १.८ मिलिमीटर जाडीची, १६० ते २०३ मिलिमीटर व्यासाची, भोके पाडलेली एक चकती! लांब उतारानंतर तिला बोट लावले तर फोड येतो, यात नवल नाही.

या सायकलीच्या जन्मकथेतही तापलेला ब्रेकच आहे. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस मरिन नावाचा डोंगराळ परगणा आहे. तेथील काही तरुण जुन्या दणकट सायकली घेऊन डोंगरावरच्या कच्च्या वाटेने खाली सुटत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी या उताराची पहिली शर्यत भरविली. सुमारे दोन मैलांत १,३०० फूट खाली उतरणारी ती वाट होती. सायकलींना ब्रेक एकच, मागच्या हबच्या पोटात बसविलेला, पायडल उलटे दाबले की लागणारा. तळाशी पोहोचेपर्यंत हब इतका तापे की, आतले ग्रीस धूर होऊन उडून जाई, आणि पुढच्या फेरीपूर्वी हब उघडून त्यात नवे ग्रीस भरावे लागे. ‘पुन्हा भरणे’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून त्या वाटेचे नावच ‘रीपॅक’ पडले. पुढच्याच वर्षी, १९७७ साली, जो ब्रीझ या कारागिराने अशा वाटांसाठी मुद्दाम घडविलेली चौकट तयार केली. डिस्क ब्रेक या सायकलींवर सर्रास येण्यास मात्र आणखी वीस वर्षे जावी लागली.

चकतीचा ब्रेक त्याच्याही आधीचा. इंग्रज मोटार-अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर याने त्याचे पेटंट १९०२ साली घेतले. त्याची पॅडे तांब्याची होती. धातूवर धातू घासला की काय होते हे सांगावयास नको. तो ब्रेक भयंकर ओरडे. तेव्हा ब्रेकची किंकाळी ही ब्रेकइतकीच जुनी आहे. तिच्यावरचा उतारा हर्बर्ट फ्रूड या दुसऱ्या इंग्रजाने काढला. हा गृहस्थ मोठा निरीक्षक. डोंगराळ डर्बीशायरमध्ये घोडागाड्यांचे हाकणारे ब्रेकच्या ठोकळ्यावर जुन्या बुटाचे चामडे ठोकतात, हे त्याने १८९७ च्या सुमारास पाहिले, आणि ब्रेकवर चढवावयाच्या अस्तराचा धंदाच उभारला. १९०७ साली त्याने लँचेस्टरच्या पॅडवर ॲस्बेस्टॉसचे अस्तर चढविले आणि आवाज पुष्कळ शमला. ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसांचा घात करते हे पुढे सिद्ध झाल्यामुळे ते अस्तर सोडून द्यावे लागले. आजची सायकलची पॅडे दोन जातींची असतात : राळेसारख्या द्रव्यात तंतू आणि भुकटी बांधून केलेली, आणि धातूची पूड तापवून घट्ट केलेली. पहिली मऊ आणि शांत असतात, पण लवकर झिजतात. दुसरी चिखलात आणि उष्णतेत टिकतात, पण थोडी बोलकी असतात. धातूच्या पॅडचा ब्रेक पावसात ओरडला तर त्याचा स्वभावच तसा आहे, हे आधी ध्यानात घ्यावे.

आता मुख्य प्रश्न : घर्षणातून आवाज निघतो कसा? सारंगीवाल्याचा गज आठवा. गजाच्या केसांना राळ लावलेली असते. केस तारेला चिकटतात, तिला थोडी ओढून नेतात. ताण फार झाला की तार सुटून मागे येते, आणि पुन्हा चिकटते. हे चिकटणे-सुटणे सेकंदाला शेकडो वेळा चालते आणि आपणास अखंड सूर ऐकू येतो. ब्रेकमध्ये पॅड हा गज आहे आणि चकती ही तार. फरक इतकाच की, येथे कंप पावणाऱ्या वस्तू एकट्यादुकट्या नाहीत. पॅडला धरणारा कॅलिपर, तो ज्यावर बसविला तो चौकटीचा दांडा, चाकाच्या तारा, हब, सारेच आपापल्या परीने कंप पावू शकतात. यांपैकी दोघांचे कंप जुळले आणि घर्षण त्यांना ऊर्जा पुरवू लागले, की लहानशी थरथर वाढत जाऊन किंकाळी होते. सारंगीच्या तारेचा सूर मोठा करावयास जसे पोकळ लाकडी अंग असते, तसे येथे सायकलची पोकळ नळ्यांची चौकट ते काम फुकट करते.

कोणी विचारील, “मग तेलाने चिकटणे नाहीसे होईल, आणि आवाजही जाईल; यात चूक काय?” प्रश्न योग्य आहे. बिजागरीत दोन पृष्ठभाग निमूटपणे घसरावेत एवढीच आपली इच्छा असते. म्हणून तेथे तेल हितकारक. ब्रेकमध्ये घसरणे हेच संकट आहे. भरपूर तेल पडले तर ब्रेक गप्प बसेलही, पण सायकल थांबणार नाही. आणि थोडे पडले तर? पॅड हे सच्छिद्र असते. ते तेल पिऊन घेते. ब्रेक तापला की त्यातील काही तेल जळते आणि पॅडवर व चकतीवर, कोठे चिकट तर कोठे निसरडा, असा खपलीसारखा थर बसतो. चिकटण्या-सुटण्याला याहून सोयीची जागा कोणती? गजाला राळ लावून द्यावी, तसे ते होते. म्हणजे तेलाने पकड जाते ती जाते, आणि आवाज मात्र वाढतो. ओरडणाऱ्या ब्रेकचे एक अगदी नित्याचे कारण हेच आहे : कोठून तरी, कोणाच्या तरी हातून, पॅडला तेल लागलेले असते.

आणि ते लागते फार सहजपणे. साखळीवर तेलाची फवारणी केली, तिचे तुषार मागच्या चकतीवर उडाले. दुकानात सायकल रॉकेलने पुसली आणि तेच फडके चकतीवरून फिरविले. चौकट चमकावी म्हणून पॉलिश मारले. चाक बसविताना ग्रीसची बोटे चकतीला लागली. कोणीही वैरभावाने केले नाही. उलट, सायकलची काळजी घेण्याच्या भरातच हे झाले.

तेव्हा ब्रेक ओरडू लागला की पहिला प्रश्न ‘आवाज किती मोठा?’ हा विचारू नये. ‘थांबतो का?’ हा विचारावा. सपाट, मोकळ्या जागी हळू चालवून पुढचा आणि मागचा ब्रेक वेगवेगळा दाबून पाहावा. पूर्वीइतकीच पकड असून नुसता आवाज असेल, तर निवांतपणे कारण शोधावयास हरकत नाही. आवाज आला आणि पकडही गेली, किंवा दांडी हँडलपर्यंत दबू लागली, तर ती सायकल उतारावर न्यावयाची नाही. मग घाई किती का असेना.

दुसरा प्रश्न, आवाज कोणत्या जातीचा? चार जाती ओळखता आल्या तरी पुष्कळ झाले.

ब्रेक न दाबताही चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात एकदा ‘सर्र’ असे घासत असेल, तर चकती किंचित वाकली आहे. रिमचा आऊट काढतात तसा चकतीचाही काढता येतो. पण ते सरावलेल्या हाताचे काम. प्रत्येक फेरीत न थांबता एकसारखे घासत असेल, तर कॅलिपर मध्यावर बसलेला नाही.

ब्रेक दाबताच उंच किंकाळी येत असेल, तर पॅड मळले आहे, पाणी लागले आहे, किंवा तापून त्याच्यावर काचेसारखी चकाकी आली आहे. यांतील पाण्याचे दुखणे आपोआप बरे होते : चार-सहा वेळा ब्रेक दाबला की चकती वाळते आणि आवाज जातो. जो आवाज वाळल्यावर जातो, त्याच्यासाठी पाना हातात घेऊ नये.

किंकाळीऐवजी खालच्या पट्टीतली घरघर असेल आणि चौकट किंवा हँडल थरथरत असेल, तर बहुधा काहीतरी ढिले आहे.

आणि खरखरीत, धातूवर धातू घासल्याचा आवाज येत असेल, तर पॅडचे अस्तर संपून मागची पोलादी पट्टी चकतीला लागली आहे. येथे विचार करीत बसावयाचे नाही; त्याच दिवशी पॅड बदलावयाचे.

आता उपाय. यात क्रमाला फार महत्त्व आहे. वैद्य जसा आधी पथ्य सांगतो आणि शस्त्रक्रियेचे नाव शेवटी काढतो, तसे बिनखर्चाचे आधी आणि खर्चाचे नंतर. शिवाय एका वेळी एकच गोष्ट बदलावी. पॅड, चकती आणि कॅलिपर तिन्ही एकदम हलविले आणि आवाज गेला, तर कशाने गेला हे कधीच कळत नाही. आणि पुढच्या महिन्यात तो परत आला की पुन्हा सारे पहिल्यापासून.

पहिली पायरी, ढिलेपणा पाहावा. पुढचा ब्रेक घट्ट दाबून सायकल जागच्या जागी पुढेमागे ढकलावी आणि चिमट्याच्या माथ्याशी बोट ठेवावे. तेथे ‘खट्’ असा झोल जाणवला तर हँडलचे छर्रे ढिले आहेत. (पॅड कॅलिपरमध्ये केसभर हलते, त्याची बारीक टिकटिक होते, ती दोष नव्हे.) मग रिम धरून चाक आडवे हलवावे, झोल लागला तर हब पाहावा. चाकाचा आस घट्ट आहे ना, तारा सारख्या ताणलेल्या आहेत ना, आणि चकतीचे व कॅलिपरचे स्क्रू बसलेले आहेत ना, हेही तपासावे. चकतीला सहा स्क्रू असतील तर ते एकामागून एक ओळीने न आवळता समोरासमोरचे आवळावेत, आणि ताण कंपनीच्या पुस्तिकेत दिला असेल तेवढाच द्यावा. जोर करून आटे मारण्यात शहाणपण नाही. थरथरणाऱ्या सायकलींपैकी कित्येकींचा आजार येथेच संपतो, आणि पैसाही लागत नाही.

दुसरी पायरी, स्वच्छता. चकती पूर्ण गार झाल्यावर, स्वच्छ कोऱ्या फडक्यावर आयसोप्रोपाइल अल्कोहोल घेऊन दोन्ही बाजूंनी पुसावी. रॉकेल नको, पेट्रोल नको. त्यांचा तेलकट अंश मागे राहतो. पॅड काढून पाहावे. नुसती चकाकी आली असेल तर सपाट फरशीवर पॉलिश पेपर ठेवून त्यावर पॅड हलक्या हाताने गोल गोल फिरवावे, पृष्ठभाग मंद दिसू लागला की थांबावे, आणि ती धूळ नाकातोंडात जाऊ देऊ नये. पण पॅडने तेल प्यायले असेल तर? ते भाजून, उकळून, जाळून तेल काढण्याच्या युक्त्या सांगणारे पुष्कळ भेटतात. सच्छिद्र वस्तूच्या पोटात शिरलेले तेल पुरते निघाले की नाही, हे बाहेरून कळत नाही. आणि ते कळते तेव्हा आपण उतारावर असतो. पॅडची जोडी टाकून नवी घेणे यातच काटकसर आहे. मात्र चकती पुसल्यावाचून नवे पॅड बसवू नये, नाहीतर चकतीवरचे तेल त्यालाही लागते. आणि नवे पॅडही थोड्या दिवसांत तेलकट झाले, तर तेल बाहेरून येत नसून कॅलिपरच्या आतूनच झिरपत आहे, असे समजावे. ते काम कारागिराकडे द्यावे; आतला द्रव कोणत्या जातीचा हे ब्रेकवरच लिहिलेले असते, आणि खनिज तेलाच्या ब्रेकमध्ये ‘डॉट’ जातीचा द्रव किंवा उलट, असे कदापि घालू देऊ नये. आतील रबरी कड्या खराब होतात.

तिसरी पायरी, मांडणी. कॅलिपरचे दोन स्क्रू किंचित सैल करावेत, ब्रेकची दांडी घट्ट दाबून धरावी, म्हणजे कॅलिपर आपण होऊन चकतीशी जुळतो. आणि दांडी न सोडता दोन्ही स्क्रू थोडे थोडे, आलटून पालटून आवळावेत. मग पांढरा कागद मागे धरून चकती आणि पॅड यांच्यामधली फट दोन्ही बाजूंस सारखी दिसते का, ते पाहावे. पॅडचा एकच कोपरा आधी टेकत असेल तर तोच सारंगीच्या गजाचे काम करतो.

चौथी पायरी पुष्कळांना ठाऊक नसते : नव्या पॅडला रुळवावे लागते. चांगल्या ब्रेकमध्ये पॅडच्या द्रव्याचा एक अतिशय पातळ थर चकतीवर सारखा पसरलेला असतो, आणि पॅड त्या थरावर घासते. तो थर बसविण्यासाठी मोकळ्या रस्त्यावर ताशी वीस किलोमीटरच्या सुमारास वेग घ्यावा, ब्रेक सारख्या जोराने दाबून चालण्याच्या वेगापर्यंत यावे, आणि पूर्ण न थांबता ब्रेक सोडावा. असे वीसेक वेळा, दोन्ही ब्रेकांचे वेगवेगळे करावे. पूर्ण का थांबू नये? तापलेले पॅड एकाच जागी चकतीवर दाबून राहिले तर तेथे थराचा डाग बसतो, आणि पुढे प्रत्येक फेऱ्यात तो डाग आला की धक्का लागतो. चकती सरळ असूनही ब्रेक ठोके देतो, त्याचे एक कारण हे.

एवढे केल्यावरही आवाज उरला तर पाचवी पायरी. चकतीची जाडी मोजून घ्यावी. बहुतेक चकत्या १.५ मिलिमीटरपर्यंत झिजल्या की बदलावयाच्या असतात. पॅडचे अस्तर एक मिलिमीटरच्या आसपास आले असेल तर तेही बदलावे. कॅलिपर बसतो ती चौकटीवरची जागा रंगाच्या जाड थरामुळे किंवा घडणीतच वाकडी असू शकते. ती यंत्राने सपाट करून देणारे कारागीर असतात.

एक इशारा मात्र दिलाच पाहिजे, विशेषतः घरात लहान मुले असतील तर. सायकल उलटी करून चाक गरगर फिरविणे हा मुलांचा आवडता खेळ. फिरत्या चकतीची भोके बोट आत ओढून कापू शकतात. चकतीला हात लावावयाचा तो चाक थांबल्यावर आणि चकती गार झाल्यावरच.

आणि उतारावर ब्रेक कसा वापरावा, यानेही त्याचे आयुष्य ठरते. भित्रा स्वार माथ्यापासून पायथ्यापर्यंत ब्रेक हलकेच दाबून ठेवतो. त्याला वाटते, आपण सावध आहोत. प्रत्यक्षात चकतीला गार होण्यास क्षणाचीही उसंत मिळत नाही. पॅडवर चकाकी येते, पकड मंदावते, आणि जेथे वळण येते तेथेच ब्रेक हात टेकतो. वळणापूर्वी दोन्ही ब्रेक जोराने पण थोडा वेळ दाबावेत, वेग उतरला की सोडावेत, वाऱ्याने चकती निवू द्यावी. बोटे दुखू लागली किंवा दांडी मऊ लागू लागली, तर रस्त्याच्या कडेला थांबून पाच-दहा मिनिटे दृश्य पाहावे. घाटात पाहण्यासारखे पुष्कळ असते.

श्रोतेहो, ब्रेक गप्प करणे हे आपले साध्य नाही. पुरेशी पकड असलेला ब्रेक पावसात थोडा ओरडला तर ओरडो बापडा. उलट, ज्याच्या चकतीला कालच कोणी प्रेमाने तेलाचे बोट लावले आहे, तो ब्रेक पहिल्या चढावर अगदी शांत असेल. त्याची परीक्षा उतारावर व्हावयाची असते. म्हणून उद्या आपल्या मुलाने किंवा नातीने येऊन “सायकल ओरडते” असे सांगितले, तर तेलाची वाटी फळीवरच राहू द्या. आधी दांडी दाबून पाहा, मग स्क्रूला हात लावा, मग कोरे फडके घ्या. आणि सायकल दुकानात द्यावयाची झाली, तर देताना एवढे जरूर सांगा : “साखळीला हवे तितके तेल घाला, चकतीजवळ मात्र तेलाचा हात नेऊ नका.”